नाताळचा निवडुंग: छाट कलम आणि पाचर कलम

नाताळच्या सुमारास फुलणारा निवडुंग मुंबईच्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस कॅक्टस’ या नावाने मिळतो. त्याला टोचणारे काटे नसतात, पाने नसतात आणि ताठ उभे राहणारे खोडही नसते. पानासारखी दिसणारी हिरवी, चपटी, एकापुढे एक जोडलेली पेरे हेच त्याचे खोड. वनस्पतिशास्त्रात अशा खोडाला पर्णक्षोड म्हणतात. फुले टोकाच्या पेरांना येतात. ती गुलाबी, लाल, पांढरी, जांभळी किंवा केशरी असतात. वाढलेल्या फांद्या कुंडीच्या काठावरून खाली लोंबतात. त्याची रोपे घरी करण्याच्या दोन रीती या रचनेवरूनच ठरल्या आहेत. पेर सांध्याशी सहज सुटते आणि मातीत मुळे धरते, म्हणून छाट कलम. फांद्यांना स्वतःचा उभा आधार नसतो, म्हणून दुसऱ्या निवडुंगाच्या खोडावर पाचर कलम.

मूळ वस्ती

निवडुंग म्हटले की वाळवंट आठवते, पण हा निवडुंग वाळवंटाचा नाही. आग्नेय ब्राझीलमध्ये, रिओ दी जानेरोच्या आसपास, समुद्राला समांतर जाणाऱ्या डोंगररांगांतील दमट जंगल हे त्याचे घर. तेथे तो झाडांच्या बेचक्यांत आणि शेवाळलेल्या खडकांच्या खोबणीत वाढतो. सह्याद्रीत आमरी जशी झाडाच्या फांदीवर बसते, तसा हा बसतो. बांडगुळासारखा तो यजमान झाडाचा रस शोषत नाही. त्याला फक्त बसायला जागा लागते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. बेचक्यात साठलेला पालापाचोळा एवढीच त्याच्या मुळांना मिळणारी माती. पाऊस पडला की ती भिजते आणि थोड्याच वेळात निथळते. ओल हवी, पण साचलेले पाणी नको, ही त्याची गरज येथून आली आहे. कुंडीत झालेल्या बहुतेक चुका याच गरजेच्या विरुद्ध जातात.

युरोपात ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोहोचली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ याने १८१९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. १८३७ मध्ये जॉर्ज गार्डनर या संग्राहकाला ब्राझीलच्या ऑर्गन पर्वतात तिची दुसरी जात आढळली. पुढे विल्यम बकली या इंग्रज माळ्याने या दोन जातींचा संकर केला. जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला खरा ख्रिसमस कॅक्टस तो हाच. श्लुम्बर्गेरा हे प्रजातीचे आजचे नाव शार्ल लमेर याने १८५८ मध्ये फ्रेडरिक श्लुम्बर्गर या फ्रेंच संग्राहकाच्या सन्मानार्थ दिले.

बाजारात मात्र तीन निरनिराळी झाडे एकाच नावाने विकली जातात. पेराच्या कडांना टोकदार, वर वळलेले दाते असतील तर तो श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. तो थोडा आधी फुलतो, म्हणून अमेरिकेत त्याला नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाचे नाव मिळाले आहे. नर्सरीत मिळणारी बहुतेक झाडे याच जातीपासून तयार केलेली असतात. कडा गोलसर लाटांसारख्या असतील तर तो बकलीचा संकर. दोघांचा फरक परागातही दिसतो: पहिल्याचे पराग पिवळे, दुसऱ्याचे गुलाबी. तिसरा ईस्टर कॅक्टस. त्याच्या पेरांच्या टोकांना बारीक तपकिरी केस असतात, फूल चांदणीसारखे असते आणि ते वसंतात येते. तिघांची छाट कलमे एकाच पद्धतीने होतात.

चारकोपची हवा

मुंबईतल्या कांदिवली पश्चिमेचा चारकोप हा भाग मुख्यतः म्हाडाने वसवलेला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे छोटे भूखंड आखून दिले गेले आणि लोकांनी त्यांवर आपापली घरे उभारली. अंगण हातभर, गॅलरी अरुंद आणि खिडकीला बॉक्स ग्रिल, एवढ्यातच येथली बाग बसते. टांगलेल्या कुंडीत वाढणाऱ्या आणि दुपारचे ऊन टाळणाऱ्या या झाडाला अशी जागा गैरसोयीची नाही. पूर्वेकडच्या ग्रिलमधले सकाळचे कोवळे ऊन त्याला मानवते. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेच्या उन्हाने पेरे आधी तांबूस होतात, मग करपतात.

पश्चिमेला खाडी आणि कांदळवने असल्यामुळे हवेत दमटपणा असतो. झाडाच्या हिरव्या भागाला तो आवडतो. अडचण मुळांची होते. मुंबई उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कुंडीतली माती दिवसेंदिवस सुकत नाही आणि पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजेरियम या बुरशींना मुळांत शिरायला वाव मिळतो. चारकोपमध्ये ख्रिसमस कॅक्टस मरतो तो बहुधा थंडीत नव्हे, श्रावण-भाद्रपदात. म्हणून छाट असो वा कलम, ते पावसाळ्याच्या आधी पक्के व्हावे असा बेत करावा लागतो.

छाट कलम

छाटासाठी फुले गळून गेल्यानंतरचा काळ, म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च, सर्वांत चांगला. झाड वाढीला लागलेले असते आणि पाऊस तीन महिने लांब असतो. निरोगी, भरीव फांदीच्या टोकाची दोन ते चार पेरे घ्यावीत. कात्री लागत नाही. सांध्याच्या वरचे पेर एका हाताने आणि खालचे दुसऱ्या हाताने धरून हलका पीळ दिला की ती सुटतात. पेर मधोमध कापू नये. सांध्यापाशी जखम लहान राहते आणि मुळेही तेथूनच लवकर फुटतात.

सुटी केलेली पेरे सावलीत, वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस ठेवावीत. जखमेवर कोरडी खपली धरली की लावावीत. ओली जखम मातीत गेली तर कुजण्याची भीती असते. मुळांसाठी संजीवक लावण्याची गरज पडत नाही.

माती जड नसावी. दोन भाग कोकोपीट, एक भाग पेर्लाईट किंवा जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत हे मिश्रण चालते. पेर्लाईट नसेल तर विटांचा बारीक चुरा आणि लाकडी कोळशाचे तुकडे घालावेत. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मिसळले तर मिश्रण झाडाच्या बेचक्यातल्या पालापाचोळ्यासारखे मोकळे राहते. सोडण आणि कोकोपीट यांत क्षार असतात, म्हणून ते आधी एक दिवस पाण्यात भिजवून पाणी टाकून द्यावे. खाडीकाठची किंवा समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातल्या मिठाने मुळे जळतात.

चार इंचांच्या कुंडीत तीन ते पाच छाट कडेने लावले की झाड पुढे भरगच्च दिसते. खालच्या पेराचा एक तृतीयांश भाग, फार तर अर्धा, मातीत जावा. पेर उलटे लावू नये. ट्रंकाटाचे दाते वरच्या दिशेला वळलेले असतात, ती खूण पाहावी. लावल्यावर माती दमट होईल एवढेच पाणी द्यावे आणि पुढचे पाणी वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावर. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. छाट हलकेच ओढून पाहिला आणि तो जागचा हलला नाही, तर मुळे आली असे समजावे. पुढे टोकाला तांबूस, कोवळे नवे पेर दिसू लागते. मार्चमध्ये लावलेला छाट जूनपर्यंत पाऊस सोसण्याइतका तयार होतो, तरीही पहिल्या पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये.

बियांपासूनही रोपे होतात, पण ट्रंकाटाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. त्यासाठी निराळ्या रोपाचे पराग लागतात. शिवाय बियांच्या रोपांत आईचा रंग येईलच असे नाही आणि फुलायला काही वर्षे जातात. छाटाचे रोप मात्र मूळ झाडाचाच तुकडा असते: रंग तोच, फुलण्याची वेळ तीच. एका घरातले झाड लेकीसुनांकडून, शेजाऱ्यांकडून दहा घरांत गेले, तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते एकच झाड राहते.

श्रावणातला भाऊबंद

महाराष्ट्रात ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात, तोही झाडावर राहणारा निवडुंगच आहे. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम आणि मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचे राज्यपुष्प, सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याचा निवडुंगाशी संबंध नाही. ख्रिसमस कॅक्टस लांब रात्रींची वाट पाहतो, तर हा पावसाळ्यात फुलतो. पांढरे, मोठे, सुगंधी फूल रात्री आठ-नऊच्या सुमारास उमलू लागते आणि उजाडेपर्यंत मिटते. चारकोपमध्येही अशा रात्री शेजाऱ्यांना बोलावून फुलाची पूजा होते.

त्याचा छाट आणखी सोपा. पानासारख्या लांब खोडाचा पंधरा ते वीस सेंटिमीटरचा तुकडा कापून चार-पाच दिवस सुकवावा आणि खालचे टोक खालीच राहील अशा बेताने तीन-चार सेंटिमीटर खोल रोवावा. तुकडे एकापेक्षा जास्त असतील तर कापतानाच खालच्या टोकाला खूण करावी, कारण सुकल्यावर वरखाल ओळखू येत नाही. फुलांसाठी साधारण दोन-तीन वर्षे थांबावे लागते. पान पानाला फुटते म्हणून हे झाड लोक अचंब्याने पाहतात. प्रत्यक्षात ते पान नसून खोड असते आणि त्याच्या खाचांमधल्या डोळ्यांतून कोंब व कळ्या येतात.

कलम कशासाठी

कोकणाशी नाते असलेल्या घरांत कलम म्हटले की हापूस आठवतो. हापूसची कोय पेरली तर उगवलेले झाड हापूसच देईल याची खात्री नसते, म्हणून कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. आंब्यात कलम जात टिकवण्यासाठी असते. ख्रिसमस कॅक्टसमध्ये ते काम छाट करतोच. मग कलमाची गरज कशाला? एक कारण मुळांचे. या झाडाची मुळे नाजूक असतात. दणकट मुळांच्या निवडुंगावर ते चढवले की पावसाळ्यातली कूज त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. दुसरे कारण उंचीचे. हातभर उंच खोडाच्या माथ्यावरून फांद्या चहूबाजूंनी खाली आल्या की झाडाला छत्रीचा आकार येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांत अशी छत्रीदार झाडे आवडीने वाढवत.

त्या काळी खुंट म्हणून, म्हणजे कलम ज्यावर चढवायचे ते खालचे झाड म्हणून, पेरेस्किया हा पानांचा, वेलासारखा निवडुंग वापरत. आज मुंबईत सर्वांत सोयीचा खुंट ड्रॅगन फ्रूटचा. सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत ड्रॅगन फ्रूटची शेती वाढल्यापासून त्याच्या फांद्या सहज मिळतात. थंड देशांत हा खुंट हिवाळ्यात खराब होतो. मुंबईला ती भीती नाही. तो नर्सरीत आणखी एका रूपात भेटतो. हिरव्या तिधारी दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला ‘मून कॅक्टस’ हे कलमच असते आणि खालचा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या कुळीचा असतो. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो स्वतःचे अन्न करू शकत नाही, दांड्यावरच जगतो. गोळा सुकून गेला तर कुंडी फेकू नये. दांडा हिरवा असेल तर त्याला कोंब फुटतो आणि तो कोंब वाढवून पुढे खुंट करता येतो.

पाचर कलम

खुंटासाठी ड्रॅगन फ्रूटची तीस सेंटिमीटर लांब, भरीव फांदी घ्यावी. आठवडाभर सावलीत सुकवून ती ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, सहा इंचांच्या कुंडीत काठीच्या आधाराने लावावी. फेब्रुवारीपर्यंत तिची मुळे पक्की होतात. कलम फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत करावे. तेव्हा खुंट आणि कलमकाडी दोन्ही वाढीत असतात आणि हवा जखम कोरडी ठेवण्याइतकी बरी असते.

निवडुंगाचे कलम कशामुळे जुळते, हे कापलेला खुंट पाहिला की कळते. कापाच्या मधोमध फिकट रंगाचे एक कडे दिसते. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या कड्यात असतात आणि त्यांच्याबरोबर सतत नव्या पेशी निर्माण करणारा थरही असतो. कलमकाडीचा मधला शिरेसारखा भाग या कड्याला टेकला, तर दोन्हीकडच्या नव्या पेशी एकमेकींत मिसळून वाहिन्या जोडल्या जातात. कडे चुकले तर काडी काही दिवस हिरवी राहते आणि मग सुकते.

नवी ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यावी. कलमाच्या दोन दिवस आधी खुंटाला पाणी द्यावे. हव्या त्या उंचीवर खुंटाचा शेंडा आडवा, एका घावात कापावा. तीन धारांची टोके थोडी तिरपी छाटावीत. तशीच ठेवली तर कड सुकताना मधला भाग खोलगट होतो आणि पाणी साचते. मग माथ्याच्या मध्यावर, वाहिन्यांच्या कड्यातून जाईल अशी दोन-तीन सेंटिमीटर खोल उभी चीर द्यावी.

कलमकाडी दोन किंवा तीन पेरांची असावी. तिच्या खालच्या पेराच्या दोन्ही बाजूंची साल, टोकापासून साधारण दोन सेंटिमीटर, हलक्या हाताने खरवडून मधला पांढरट गाभा उघडा करावा आणि टोकाला पाचरीचा आकार द्यावा. हीच पाचर चिरेत लगेच बसवावी. उघडा गाभा हवेत सुकू देऊ नये. काडी निसटू नये म्हणून चिरेच्या आडवा बाभळीचा किंवा निवडुंगाचा काटा टोचतात. टाचणी वापरू नये, ती गंजते. वरून सुती दोऱ्याचे दोन-तीन सैल वेढे किंवा कलमपट्टी पुरते. छत्री लवकर भरावी असे वाटत असेल तर माथ्याच्या थोडे खाली, धारांच्या कडेला तिरप्या चिरा देऊन आणखी दोन काड्या बसवता येतात.

कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी. पाणी मातीलाच द्यावे, जोडावर थेंबही पडू देऊ नये. थंड, कोरड्या ठिकाणी कलमावर प्लास्टिकची पिशवी घालतात. मुंबईच्या दमट हवेत ती घातली तर बुरशीच वाढते. तीन-चार आठवड्यांनी काडी टवटवीत आणि ताठ राहिली तर कलम धरले असे समजावे. ती सुरकुतली तर पुन्हा खाली ताजा काप घेऊन नवी काडी बसवावी. खुंट वाया जात नाही. नवे पेर फुटल्यावर दोरा सोडावा. खुंटाला खालून येणारे कोंब वेळोवेळी काढावेत, नाहीतर तो कलमकाडीऐवजी त्यांनाच पोसतो. पहिल्या वर्षी नव्या फांद्यांची टोकाची पेरे पिळून काढली की प्रत्येक ठिकाणी दोन फांद्या फुटतात आणि छत्री दाट होते. फांद्यांच्या वजनाने खुंट वाकतो, म्हणून काठीचा आधार कायम ठेवावा.

कीड

पिठ्या ढेकूण हा या झाडाचा नेहमीचा शत्रू. सांध्यांत पांढरा कापूस दिसला तर तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. उपद्रव जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पेरे खातात. त्या रात्री वेचाव्या लागतात. बुडाशी पेर मऊ, तपकिरी झाले तर ती कूज असते. तेव्हा रोप वाचवण्याच्या मागे न लागता वरची निरोगी पेरे काढून नवे छाट करावेत किंवा खुंटावर चढवावेत.

फुलावर आणणे

कळी धरण्यासाठी या झाडाला लांब रात्र लागते. शेवंतीही अशीच, म्हणून तिचा बहर लांबवायचा असेल तर शेतकरी रात्री दिवे लावतात. ख्रिसमस कॅक्टसला रोज बारा तासांहून जास्त अखंड अंधार हवा, तेरा-चौदा तास मिळाला तर उत्तम, आणि रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास. रात्री २४ अंशांच्या वर राहिल्या तर कळ्या सहसा धरत नाहीत. ब्राझीलमध्ये या झाडाला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला रात्री दिवसापेक्षा लांब होतात त्या मार्च-एप्रिलपासून.

मुंबईत ऑक्टोबरच्या रात्री उकाड्याच्या असतात. रात्रीचे तापमान वीसच्या आसपास येते ते नोव्हेंबरात आणि रात्र तेरा तासांची होते डिसेंबरात. कळी धरल्यापासून उमलायला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ जातो. त्यामुळे येथे नुसत्या हवामानावर सोडलेले झाड नाताळला फुलण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत फुलण्याचा संभव जास्त. पुणे-नाशिककडच्या रात्री अधिक थंड असतात आणि दहा-बारा अंशांच्या थंडीत हे झाड अंधाराची फारशी अट न घालता फुलते.

चारकोपच्या गॅलरीत दुसरी अडचण रस्त्यावरच्या दिव्याची आणि घरातल्या ट्यूबलाइटची. रात्री पेरांवर उजेड पडत राहिला तर झाडाच्या हिशेबाने रात्र होतच नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठपर्यंत कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे आणि टोकांना तांबूस बारीक कळ्या दिसेपर्यंत, साधारण पाच-सहा आठवडे, हे चालू ठेवावे. खोक्याला वर लहान भोके असावीत, पण त्यांतून उजेड येऊ नये. या काळात खत बंद ठेवावे आणि पाणी थोडे कमी करावे.

कळ्या दिसल्यावर मात्र माती पूर्ण सुकू देऊ नये. कुंडीची जागा बदलली, पंख्याचा झोत लागला किंवा पाण्यात एकदम खंड पडला तर कळ्या उमलण्याआधीच गळतात. एक फूल चार-पाच दिवस टिकते आणि कळ्या मागेपुढे उमलत असल्याने बहर काही आठवडे चालतो. शेवटचे फूल गळाले की महिनाभर पाणी कमी करावे. त्यानंतर टोकाची पेरे पिळून काढली की झाडाला नव्या फांद्या फुटतात आणि काढलेल्या पेरांतून पुढचे छाट मिळतात.